चाक जमिनीवर टेकल्यावर

आत्याच्या गाडीला अठरा वर्षं झाली होती आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकापाशी खट्-खट् वाजत होतं. वर्षभरात या दुखण्यावर दोनदा इलाज झाला. दोन्ही वेळा सुटे भाग आत्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, पसंत करून आणले. आणि दादा कुठलीही वस्तू पारखत ती खोक्यावरून. खोकं चकचकीत, त्यावर तिरपं धरलं की रंग बदलणारा शिक्का, म्हणजे माल अस्सल. असे दोन अस्सल माल तीन-तीन महिन्यांत मान टाकून मोकळे झाले, तेव्हा दादांनी खोक्याला दोष दिला नाही. गाडीला दिला.

"आता पुरे," ते म्हणाले. "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. त्याच्यासमोर गाडी शाळेपुढच्या गतिरोधकांवरून न्यायची. खट् झालं की गाडी त्याची."

"आणि नाही झालं तर?"

यावर दादा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

गाडी चालवायची आत्या, पण कागदावर नाव दादांचं. गाडी गेली की बाजार, दवाखाना, मैत्रिणी, सगळीकडे दादांच्या स्कूटरवर मागे बसून जावं लागणार होतं. दादांना स्कूटर चालवताना मागे वळून बोलायची सवय होती. आत्याला अजून बरंच जगायचं होतं.

शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन गॅरेजात गेली. मिस्त्रीने डावीकडचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात, काढून तिच्या पिशवीत घातला.

"आत्या, तुम्ही कशाला? दादांना पाठवा ना."

"दोनदा पाठवलं की."

पार्टच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. "हे स्वस्त, हे मधलं, हे एकदम टॉप. दादा नेहमी टॉपच नेतात."

"खोकी राहू देत. आतलं काढा."

तिन्ही आर्म उघडे पडले. आत्याने तीस वर्षं चपलांच्या कारखान्यात सोलचं रबर तपासलं होतं. तिने नापास केलेल्या सोलांचा ढीग पाहून मॅनेजर रजेवर जात. तिने आर्मच्या टोकाला बसवलेल्या रबरी बुशात अंगठ्याचं नख रुतवलं. स्वस्ताच्या बुशात नखाची खूण तशीच राहिली. तिने तो हुंगला.

"जुने टायर वितळवलेत."

दुकानदाराने नजर पंख्याकडे नेली.

टॉपच्या बुशात रबर आणि आतली लोखंडी नळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. आर्मच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटची खुंटी, जिच्यावर चाक वळतं, तीही बोट लावताच देवळातल्या घंटेसारखी झुलली.

"नवा जॉइंट असा ढिला?"

"स्मूथ आहे आत्या!"

"नव्याने अडून बसायला पाहिजे. हा आत्ताच हो-हो म्हणतोय, महिन्याभराने काय करेल?"

मधल्याची खुंटी जोर लावल्यावर हलली आणि सगळीकडे सारख्याच हट्टाने हलली. रबरावरची नखाची खूण बघता बघता भरून आली. खोकं मात्र खाकी, औषधाच्या पुड्यासारखं.

"याची जोडी द्या. उजव्या बाजूलाही नवाच."

माल बांधला जात असताना तिने पिशवीतला जुना आर्म काढून उजेडात धरला. तीच फट, तीच ढिली खुंटी. दादांचा टॉपच होता. पण त्याच्या बुशाचं रबर झिजलेलं नव्हतं. पिळून फाटलं होतं, ओला टॉवेल पिळावा तसं, आणि एकाच दिशेने. वापराने झिजलेलं रबर दोन्हीकडून झिजतं, हे तिने तीस वर्षं पाहिलं होतं. म्हणजे माल सुमार होता हे खरं, पण चांगला असता तरी गेलाच असता. त्याला कुणीतरी पिळूनच बसवलं होतं.

गॅरेजात तिने जुना आर्म कोपऱ्यात ठेवला. थोड्या वेळाने मिस्त्री गाडी जॅकवर चढवून, नवे आर्म लावून बुशाचे बोल्ट आवळायच्या बेतात होता. चाकं हवेत लोंबत होती.

"थांब. कधी आवळतोस हे?"

"आत्ताच. गाडी वर आहे, हात पोचतोय."

"चप्पल घेताना पट्टा कधी आवळतोस? पाय लोंबकळत असताना, की उभं राहिल्यावर?"

"आत्या, वीस वर्षं मी असंच आवळतोय."

"म्हणूनच वीस वर्षं तुझ्याकडे तीच गिऱ्हाइकं परत येतात."

मिस्त्रीचे कान लाल झाले. आत्याने खडू मागितला आणि आर्मवरून शेजारच्या सांगाड्यावर एक सरळ रेघ ओढली. "आता बोल्ट न आवळता गाडी खाली घे."

त्याने घेतली. गाडीचं वजन चाकांवर आलं, आर्म वर उचलला गेला. मिस्त्री आडवा होऊन खाली सरकला आणि बराच वेळ आतच राहिला. रेघेचे दोन तुकडे झाले होते. मधे बोटभर अंतर.

"वर आवळलं असतं तर हा एवढा पीळ रबराने रात्रंदिवस सोसला असता," आत्या म्हणाली. "आहेस का आत?"

"आहे," गाडीखालून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "डॉक्टरांची गाडी आठवतेय. चारदा आली." आणि त्याने तिथेच, वजन चाकांवर असताना, बोल्ट आवळले.

रविवारी भंगारवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मालकाच्या थाटात मागे बसला. दादा पुढे बसले. आत्याने आरसा नीट केला, गाडी काढली आणि शाळेपुढच्या पहिल्या गतिरोधकावर मुद्दाम जोरात घातली.

खट्!

"वाजलं!" दादा टाळी देत म्हणाले. भंगारवाल्याने सीटवरून प्रेमाने हात फिरवला.

आत्याने भुवईसुद्धा हलवली नाही. "पुढून की मागून?"

"आवाज तो आवाज!"

"भाऊ, तुम्ही सांगा," आत्या आरशातून मागे बघत म्हणाली. "लोखंड तुमच्या ओळखीचं."

भंगारवाल्याने डोळे मिटून कान दिला. दुसरा गतिरोधक. खट्! "माझ्या पाठीमागे आहे," तो नाइलाजाने म्हणाला.

आत्याने गाडी कडेला घेऊन डिकी उघडली. आत दोन जुने लोअर आर्म गळ्यात गळा घालून पडले होते. दादा कुठलीही वस्तू टाकून देत नसत; काल गॅरेजात जाऊन त्यांनी ते स्वतः मागून घेतले होते आणि स्वतः डिकीत ठेवले होते.

आत्याने दोन्ही उचलून भंगारवाल्याच्या हातात दिले. "ठरल्याप्रमाणे. वाजलं ते तुमचं."

तिसरा गतिरोधक गाडीने नि:शब्द ओलांडला. भंगारवाला फुटपाथवर उभा राहून बघत होता. इस्त्रीच्या शर्टावर ग्रीसचा डाग पडला होता.

"ते खाकी खोकं," दादांनी विचारलं, "टाकलं तर नाहीस ना?"