बुवांच्या शब्दांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. तळाला गंज, अंगावर पोचे. जोहे गावच्या गणपतीमूर्तींच्या कारखान्यात मी रंग घेऊन आलो. रंग संपला की आमची रवानगी भंगारात. मला मात्र कमळाकरबुवांनी मागून घेतलं. पेणजवळ खाडीकाठच्या एका लहान मठात राहणारे ते संन्यासी.

बुवांना एकच नाद. मिठागरातल्या माणसांच्या बोलीचा शब्दकोश करायचा. एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर आणि चिठ्ठी माझ्या पोटात. 'उघाडी' म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ते उघडताना चिखलात उभं राहून पाहिलं, मगच बुवांनी तो शब्द लिहिला. मिठागरात राबणारी बायजा हसायची.

"बुवा, देवाचं नाव सोडून आमच्या शिव्या लिवताव?"

"देतेस तूच गो, मी नुसत्या लिहितो. पुढची सांग!"

शिकलेल्यांनी नाकं मुरडली. "ही कसली भाषा?" म्हणाले. मला अजून राग येतो. मिठागरातल्या माणसांच्या हातचं मीठ यांना रोज जेवणात चालतं, त्यांच्या तोंडचा शब्द तेवढा चालत नाही!

मग बुवा गेले. संन्याशाच्या वस्तू खाडीत सोडायच्या, ही मठाची रीत. छाटी, खडावा, कमंडलू आणि मी. मठाचे कारभारी दत्तात्रेय यांनी रडत रडत मला हार घातला. झाकण मात्र उघडून पाहिलं नाही. बुवांचं जन्माचं काम बुडणार होतं, तेही हात जोडून!

मला होडीत ठेवणार, तोच बायजा चिखल तुडवत आली.

"कारभारी, डबा खाली ठेवा!"

"अगं, बुवांची वस्तू आहे. पाण्यातच सोडायची."

"डबा बुवांचा हाय. आत आमचं बोलणं हाय. आमी जित्ती हाव, आमचं विसर्जन कशाला करताव?"

दत्तात्रेयांनी हार काढला, झाकण उघडलं आणि तिथेच बसून चिठ्ठ्या वाचू लागले.

"चुकलो गो बायजा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एसटीने रोह्याजवळच्या वरसे गावी, हेमांगीबाईंच्या घरी आणलं. त्या शिक्षिका. रोज माझ्यातल्या चिठ्ठ्या संगणकावर उतरवतात. अडलं की बायजाला फोन.

बुवांनी मला काम दिलं, बायजाने जीवदान दिलं. चूक कबूल करायला दत्तात्रेयांनाही छाती लागली. या तिघांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. मला उघडा, वाचा. आणि घरात कुणी वेगळं बोललं तर हसू नका. जवळ बसा आणि म्हणा, "पुन्हा सांग ना गो."