दोन बोटं कमी असलेल्या हातासाठी

मी एक जुनं पिस्तूल आहे. मित्रांनो, लगेच मागे सरू नका. माझ्यात गोळी नाही, आणि आजवरच्या आयुष्यात मी कागदाखेरीज कशालाही भोक पाडलेलं नाही. पंचवीस यार्डांवर टांगलेला कागद, त्यावर छापलेला काळा गोल, आणि त्या गोलाच्या मधोमध बसवायची गोळी, एवढाच माझा धंदा. सिनेमातल्या भाऊबंदांनी आमच्या कुळाचं नाव फार खराब केलं आहे, त्याला मी काय करणार? मी विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावातलं सरळमार्गी पिस्तूल आहे, आणि सध्या फार खुशीत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही शेकडो भावंडं जन्मलो, सगळी एकाच साच्यातली. कानाशी धरून हलवलं की आमच्या पोटात जरा खुळखुळायचं. चाप ओढायला जड होता. आणि आम्ही सगळे उजव्या हातासाठी बनलेलो होतो, कारण बनवणाऱ्यांना डावा हात म्हणून काही असतो हे बहुधा ठाऊकच नव्हतं.

माझं नशीब मात्र डावं निघालं. मी व्हर्ना हाउगेन नावाच्या बाईंच्या हाती आलो. त्यांच्याकडे तीस गाई होत्या, आवाज खणखणीत होता आणि डावा हात पहिलवानासारखा होता. दर मंगळवारी संध्याकाळी गावातल्या अग्निशमन दलाच्या इमारतीखालच्या तळघरात नेमबाजीची लीग भरायची. एका हाताने, ताठ उभं राहून नेम धरायचा. तिथे व्हर्नाबाई पुरुषांना पाणी पाजायच्या आणि वर रुबार्बच्या आंबट देठांचा घरी भाजलेला गोड पाय-केकही खाऊ घालायच्या.

मग एका शरदात मक्याच्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. जखम भरली, पण मला उचललं की मी त्यांच्या मुठीतून खाली झुकायचो. गावाने हळहळून घेतलं. व्हर्नाबाईंना हळहळ नको होती. त्या मला घेऊन थेट एमेटकडे गेल्या. एमेट उन्हाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात पिस्तुलं. त्याने बाईंचा हात उलटसुलट पाहिला आणि वाईट वाटल्याचं एका शब्दाने बोलला नाही.

"उद्या पावाची मळलेली कणीक घेऊन ये," तो म्हणाला. "घट्ट मळ. सैल चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो गोळा डाव्या मुठीत दाबला. मूठ उघडली तेव्हा कणकेत तीन बोटांचे ठसे होते आणि दोन बोटांची रिकामी जागा. त्या गोळ्यासमोर बसून एमेटने अख्खा हिवाळा मला कानशीने घासलं. खरं सांगतो, मजा आली. माझी नळी त्याने अशी चपखल बसवली की पोटातला खुळखुळा कायमचा गेला. चाप असा हलका केला की पिकली शेंग फुटावी तसा सुटावा. सुरक्षेचा खटका आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, सोडायचं बटण त्याने उजव्या अंगाला आणलं, म्हणजे डाव्या अंगठ्याच्या खाली. आणि मुठीचं लाकूड त्याने अक्रोडाचं घेतलं. जिथे दोन बोटं असायला हवी होती तिथे त्याने लाकडाचीच एक पायरी कोरली, तळहात टेकायला. ते लाकूड बसवण्याआधी त्याने आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बाईंना हळूच कानात सांगितलं. मला वाचता येत नाही, मी पोलादाचा. पण त्या दिवसापासून बाईंचा नेम पूर्वीपेक्षा शांत झाला, एवढं मी पाहिलं.

पुढची वर्षं कौतुकाची गेली. कितीतरी मंगळवार आम्ही गाजवले. मग बाईंची नजर मंदावली, त्या गेल्या, आणि मी त्यांच्या पुतण्याच्या माळ्यावर बूट आणि गळ यांच्यामध्ये इतकी वर्षं पडून राहिलो की बाईंना ओळखणारं गावात कुणी उरलं नाही. शेवटी बुटांसकट विकला गेलो आणि वेन्डेलच्या दुकानातल्या काचेच्या पेटीत आलो.

वेन्डेल माणूस चांगला. बंदुका, गमबूट आणि गळाला आमिष म्हणून लावायची जिवंत छोटी मासळी हे सगळं तो एकाच छताखाली विकतो. पण या धंद्यात एक समजूत घट्ट बसलेली आहे, की पिस्तूल कारखान्यातून आलं तसं असेल तर सोनं, आणि त्याला कानस लागली की माती. आणि मला जो उचलायचा तो उजव्या हाताने. मग काय, खटका भलत्या बाजूला, लाकडाची पायरी तळव्यात रुतायची. कुणी म्हणायचं दारू पिऊन केलंय, कुणी म्हणायचं कुणा अडाण्याचं काम. एमेटला अडाणी म्हणताना ऐकलं की मला गंज चढल्यासारखं व्हायचं.

अखेर मिलवॉकीच्या एका गिऱ्हाईकाने मला मागितलं, पण सगळं मूळच्यासारखं करून दिलं तरच. वेन्डेलने होकार दिला. सोमवारी मला कारागिराकडे पाठवायचं ठरलं. एमेटचं लाकूड, खटका, चाप, सगळं काढून भंगारात.

सोमवारच्या आधीचा तो शनिवार. जानेवारी महिना, तळी गोठलेली. लिरॉय टेस्मर आणि त्याची बायको आर्डिस बर्फातल्या मासेमारीसाठी मासळी घ्यायला दुकानात आले. लिरॉय चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. गावात पिस्तुलाची पारख त्याच्याइतकी कुणाला नाही, पण तीन वर्षांत त्याने नेम धरला नव्हता. तो नेम डाव्या हाताने धरायचा, आणि कारखान्यातल्या यंत्रात त्याच हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. तरी मंगळवार चुकवायचा नाही. तळघरात जायचा, सगळ्यांसाठी कॉफी करायचा, गुण लिहून घ्यायचा आणि दुसऱ्यांच्या नेमाकडे बघत बसायचा. डाव्या हातात कायम हातमोजा. त्याच्या दोन रिकाम्या बोटांत आर्डिसने लोकर भरली होती, लोकांच्या नजरा तिथे जाऊ नयेत म्हणून.

वेन्डेलने त्याला सांगितलं की या पिस्तुलात काय काय बदललंय ते बघून दे, म्हणजे मूळचे भाग मागवता येतील. मग त्याने मला पेटीतून काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवली, आत गोळी नाही हे स्वतः पाहिलं, लिरॉयला दाखवलं आणि तेव्हाच त्याच्या हाती दिलं. तीस वर्षांची मैत्री असली तरी इथे कुणी ही रीत सोडत नाही. लिरॉयनेही पुन्हा आत डोकावून पाहिलं. मग मला उजव्या हातात घेतलं. लिहायला आर्डिस बसली, मासळीच्या पिशवीच्या कागदावर.

लिरॉयने मला कानाशी धरून हलवलं. काहीच वाजलं नाही, तशी त्याची भुवई वर गेली. नळी हाताने बसवलेली आहे, असं त्याने लिहायला सांगितलं. मग चापाची घडण, मग मुठीच्या पुढच्या पोलादावरची बारीक चौकड्यांची नक्षी, तिच्यातली एकही रेघ वाकडी नाही. खटका उजवीकडे. बटणही उजवीकडे. मागच्या पट्टीवर मुद्दाम चढवलेला उंचवटा. तो बोलत होता आणि त्याचा आवाज हळूहळू खाली येत होता, चांगली वस्तू पाहताना माणसाचा येतो तसा.

"उलटा जन्मला होता का रे हा माणूस?" वेन्डेल हसून म्हणाला.

"डावरा होता," लिरॉय म्हणाला. "आणि याला हात लावणारा अडाणी नव्हता. मला असं काम जमलं असतं तर मी चीज कशाला केलं असतं?"

त्या काचेच्या पेटीत तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. पण लाकडाच्या पायरीपाशी येऊन तो अडला. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला, मला उजेडात धरलं, मान हलवली. ही कशाला केली असावी ते त्याला कळेना. चूक म्हणून लिही, असं तो म्हणणार एवढ्यात आर्डिसची पेन्सिल थांबली. दर हिवाळ्यात त्या मोज्यात लोकर भरणारी ती. ती पायरी कुठली पोकळी भरते, हे तिला नजरेनेच कळलं.

"लिरॉय, मोजा काढ."

"इथे?"

"इथेच. तुझा हात बघून वेन्डेलची मासळी मरणार नाही."

मग त्याने मोजा काढला, मला डाव्या हातात घेतलं, आणि मित्रांनो, मी घरी आलो. तळवा पायरीवर टेकला. अंगठा खटक्यावर गेला. मागचा उंचवटा अंगठ्याच्या बेचक्यात जाऊन बसला. मी झुकलो नाही. लिरॉयने वेन्डेलला विचारलं, रिकामा चाप ओढू का? न विचारता ओढणं इथे असभ्यपणाचं. वेन्डेलने मान डोलावली. कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे रोखून त्याने चाप ओढला. टक्. माझ्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी केसभरही हलली नाही.

वेन्डेलने टोपी काढून डोकं खाजवलं. "मिलवॉकीच्या गिऱ्हाईकाला आता मी काय सांगू?"

"सांग, त्याची बोटं जास्त होती," आर्डिस म्हणाली.

पिस्तूल घ्यायचा सरकारी अर्ज भरून झाला, गिऱ्हाईकाच्या चौकशीचा सरकारी फोन झाला, होकार आला. मासळी दुकानातच विसरून दोघं मला आणि त्या यादीला घरी घेऊन आले.

पुढच्या मंगळवारी तळघरात वेळेवर कॉफी झाली नाही. कॉफी करणारा रांगेत उभा होता. सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, हा त्यांचा चांगुलपणा. पण नेम मात्र जमेना. लिरॉय मला इतका आवळून धरत होता की माझी माशी एका जागी ठरेना. तीन वर्षांची भीती त्या एका मुठीत आली होती. दहापैकी सात गोळ्या काळ्या गोलाबाहेर गेल्या. त्याने मला रिकामं केलं, पेटीत ठेवलं आणि निमूट कॉफीची किटली उचलली. माझ्या पोलादात कळ उठते असं कुणी म्हटलं तर मी हसेन, पण त्या रात्री उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोललं. साफ करून वेन्डेलला परत द्यायचं, असं तो आर्डिसला म्हणाला. ती भांडी जरा जोरात ठेवायला लागली. त्याने मुठीचे स्क्रू काढले. अक्रोडाचं लाकूड सुटून पालथं पडलं, आणि एमेटचं पेन्सिलीचं अक्षर इतक्या वर्षांनी उजेडात आलं. लिरॉयने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"व्हर्ना, आवळू नकोस. बोटांचं काम लाकूड करतंय. तू फक्त बघ. एमेट."

त्याने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. आर्डिसने मासळीच्या पिशवीचा तो कागद खणातून आणला आणि बदलांच्या यादीत सगळ्यात खाली हे वाक्य लिहिलं. वेन्डेलकडे कुणी गेलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी लिरॉयने मला पाखरू धरावं तसं धरलं. भार लाकडावर सोडला आणि तो फक्त बघत राहिला. दहाच्या दहा गोळ्या काळ्या गोलात, त्यांतल्या तीन अगदी मधोमध. कॉफी दुसऱ्या कुणीतरी केली होती. ती इतकी वाईट होती की सगळ्यांनी लिरॉयला हात जोडले, आणि तरी तो किटलीकडे गेला नाही. तो पुन्हा रांगेत उभा राहिला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू हातात आली आणि ती तुम्हाला वेडीवाकडी वाटली, तर तिला सरळ करायची घाई करू नका. ती कुणाच्या तरी हाताला सरळ असेल. तो हात कोणता, हे आधी विचारा. आणि वस्तू जपा, म्हणजे तसाच दुसरा हात येईपर्यंत ती टिकेल.

मला आता दर बुधवारी तेल मिळतं. त्यासाठी माझ्या पेटीत लोकरीचे दोन मऊ बोळे ठेवलेले आहेत. ते आर्डिसने लिरॉयच्या मोज्यातून काढून दिले, आता तिथे त्यांचं काही काम उरलेलं नाही.