कपाळासमोर धरलेलं पान

वैदेहीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळचा आमच्या मराठी मंडळाचा हॉल इतका गप्प झाला, की पंख्याची खरखर ऐकू यायला लागली. विश्वजीत सरांनी तिच्यापुढे बांगडी धरली. "लाल," ती म्हणाली. मग हिरवी ओळखली. मग कुणाच्या तरी पर्समधला कंगवा. शेवटी नरहरकाकांनी आपल्या सुट्या पानांच्या पोथीतलं देवीच्या स्तोत्राचं पान तिच्या हातात दिलं. पोरीनं ते पोटाशी धरलं, मान जराशी वर केली आणि खणखणीत आवाजात वाचत सुटली. सगळा हॉल तिच्याबरोबर ओठ हलवत होता. स्तोत्र संपलं तेव्हा नरहरकाका डोळे पुसत होते. पाठशाळेत आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारून कुणालाही शाबासकी न दिलेला हा माणूस.

"ये चमत्कार नहीं है," सर म्हणाले. "ये रिसर्च है."

आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्याच.

पूर्वीचे बाबा बरे होते असं मला हल्ली वाटतं. भगवं दिसलं की माणूस निदान खिसा चाचपायचा. विश्वजीत सर ब्लेझर घालतात, कानाला माइक लावतात आणि पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र दाखवतात. मेंदूच्या मधोमध म्हणे एक झोपलेला भाग असतो. तो जागा केला की मूल डोळ्यांशिवाय वाचतं, परीक्षेत पहिलं येतं, मोठेपणी धंद्यात चमकतं आणि आजारी तर पडतच नाही. कोर्स एकच. त्यांचं मुख्य केंद्र नदीपलीकडे रामनगरला. तिथून पूल ओलांडून ते आमची मुलं जागवायला येत.

पुरावा म्हणून हॉलच्या दाराशी एक गुळगुळीत संशोधन-अंक ठेवला होता. मी तो घरी आणला. माझं शिक्षण दहावी, पुढचं सगळं हाती लागेल ते वाचून. त्यामुळे छापलेलं शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. अंकात वर्गातल्या फळ्याचा रंग, किराणा दुकानातली गर्दी, मधुमेह आणि झोप असे लेख शेजारीशेजारी नांदत होते. मेंदूवरचा लेख सरांचा. कोर्स केलेल्या सगळ्या मुलांचा मेंदू जागा झाला, असा त्यात दावा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ज्यांचा झाला नाही त्यांनी सराव नीट केला नव्हता, म्हणून त्यांना धरलेलं नाही.

ती ओळ मी माझ्या धाकट्या भावाला, यज्ञेशला, दाखवली. नापास पोरं वगळली तर कुठलीही शाळा शंभर टक्के लावेल, म्हटलं.

"ताई, तू आता रिसर्चमध्येही चुका काढणार?"

यज्ञेश बँकेत आहे. कर्जाच्या कागदावरची सही जरा तिरकी असली तरी परत पाठवतो.

मला चिडायचं होतं आणि धड चिडताही येत नव्हतं, कारण तो कशाला भुलला ते मला ठाऊक होतं. त्याच्या अवनीला लहानपणापासून काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जात राहते. गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची तर रोजचे थेंब चुकवायचे नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं. अशा बापापुढे कुणी येऊन म्हणालं, डोळे नसले तरी तुमची मुलगी वाचेल, तर तो अंकातली बारीक अक्षरं वाचत बसेल का?

त्यानं अवनीचं नाव कोर्सला घातलं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण सरांनी फर्मान काढलं, की बाहेरच्या औषधानं आतला डोळा आळशी होतो. कोर्स संपेपर्यंत थेंब बंद. अवनीच्या आईनं, शरदिनी वहिनीनं, बाटली फ्रिजमध्ये मागे सारली. मी भांडले, डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, फोन घ्यायला कुणी तयार नाही. अखेर भावानं मला हात जोडले आणि सांगितलं, की एवढं एकदा मध्ये पडू नकोस.

वर्गातली मुलं एकेक करून वाचायला लागली. अवनीला जमेना. सर म्हणाले, श्रद्धा कमी आहे. मग म्हणाले, घरात निगेटिव्ह वातावरण आहे. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

एका संध्याकाळी मी अवनीला घेऊन संकठा घाटावर गेले होते. ती पायऱ्या उतरत होती माझा पदर घट्ट धरून, प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपत. समोरची होडी तिला नीट दिसत होती, पायाखालची पायरी दिसत नव्हती.

"आत्या, माझा मेंदू ढ आहे का?"

मी विचारलं, पट्टी बांधल्यावर तुला काय दिसतं.

"काळं. वैदेही म्हणते नाकाजवळून उजेड येतो. सर म्हणतात, 'वही है तीसरी आँख.' तिथून खाली बघायचं, मग अक्षरं येतात." थोडं थांबून म्हणाली, "मला तो उजेड येतच नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. खाली बघायचं! या पोरीची खालचीच नजर तर गेली होती. वैदेही खोटं बोलत नव्हती, कुठलंच पोर बोलत नव्हतं. पट्टीखालच्या फटीला सरांनी तिसरा डोळा असं नाव दिलं होतं आणि मुलांनी ते मोठ्या विश्वासानं पाठ केलं होतं.

समारोपाला मी पहिल्या रांगेत बसले. पुन्हा वैदेही, पुन्हा पट्टी, पुन्हा नरहरकाकांचं तेच पान. या वेळी मी ओठ हलवले नाहीत. फक्त पानाकडे बघत राहिले. टाळ्या ओसरल्यावर उठले आणि नरहरकाकांना विचारलं, या पानावर स्तोत्र कुठवर आहे.

त्यांनी नाराजीनंच चष्मा लावला. पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "अर्धंच. पुढचं मागच्या बाजूला."

"पोरीनं पान उलटलं?"

आमच्या घरांत हे स्तोत्र दुधाचे दात पडायच्या आत पाठ होतं. पहिली ओळ तिला फटीतून दिसली, बाकीचं जिभेनं केलं. आणि आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणण्यात इतके दंग, की पानाकडे पाहिलं कुणी? दुसऱ्या कुठल्या गावात निदान वर्तमानपत्र दिलं असतं. आम्ही परीक्षेला पाठ असलेलं पान दिलं आणि उच्चार शुद्ध आले म्हणून रडलो.

सर हसून म्हणाले, "माताजी, एनर्जी पन्ने के आर-पार पढ़ लेती है."

"मग तिसरा डोळा कपाळावर आहे ना? पान कपाळासमोर धरू या. पोटाला कशाला?"

वैदेहीची पट्टी अजून सोडली नव्हती. मी सरांचाच अंक उघडून तिच्या कपाळासमोर धरला. तिची हनुवटी वर गेली, आणखी वर गेली, मान मागे पडली. अक्षर एकही आलं नाही. ती रडवेली झाली तशी मी पट्टी सोडली, तिला जवळ घेतलं आणि तुझं काही चुकलं नाही म्हणून सांगितलं. सर हॉलमधल्या निगेटिव्हिटीबद्दल बोलायला लागले.

"यज्ञेश," मी म्हटलं, "आता पट्टी तू बांधून घे."

तो आला तो मला गप्प करायलाच. वहिनीनं त्याला पट्टी घट्ट बांधली. मी अंक त्याच्या पोटाशी धरला. त्यानं मान जराशी वर केली आणि सरांच्या लेखाचं नाव वाचून दाखवलं. हॉल हसला. तो हसला नाही.

"ताई, हे तर सगळ्यांनाच दिसत असेल."

"हो."

"मग अवनीला..."

त्यानं पट्टी ओढून काढली आणि शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या पोरीकडे बघत राहिला. वहिनी तोवर तिच्यापाशी पोचली होती.

घरी करून बघा. रुमाल कितीही घट्ट बांधा, नाक आणि गाल यांच्यामध्ये फट राहतेच. सारा झोपलेला मेंदू त्या फटीत मावतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. वाढला होता. थोडी नजर आणखी गेली, उरलेली राखता येईल, असं त्या म्हणाल्या. थेंब पुन्हा सुरू आहेत. यज्ञेश स्वतः घालतो, कुणाला हात लावू देत नाही. नरहरकाका पोथी वाचताना आता पान उलटेपर्यंत थांबतात. पण आमच्याच मंडळातल्या एक बाई परवा विचारत होत्या, काही असो, एकाग्रता तरी वाढते ना? आणि रामनगरला सरांचा हॉल भरलेलाच आहे. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय.

तरी सांगते. रिसर्च हा शब्द ऐकून हात जोडू नका. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला पाठ असलेलं पान देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराचं औषध कुणाच्या शब्दावर थांबवू नका. आणि कुणी सगळी मुलं पास झाली म्हणून सांगितलं, तर जी मोजली नाहीत ती कुठे आहेत, एवढं मात्र नक्की विचारा. त्यातलं एक आमच्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसलं होतं, आपला मेंदू ढ आहे असं समजून.