काळ्यावर काळा टाका

मी रफू करते. कोट जळाला, शालीला कसर लागली, खिळ्यात अडकून बाही फाटली, की बाजारातले शिंपी गिऱ्हाइकाला माझ्याकडे धाडतात. या धंद्यातली शाबासकी वेगळीच असते. गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून भोक शोधतं, ते त्याला सापडत नाही आणि ते मुकाट्यानं निघून जातं. छत्तीस वर्षं मी त्या मुकाटपणावर जगले. चारचौघांत मान खाली घालायची वेळ कधी आली नाही. आणली ती एकट्या चष्मेवाल्यानं.

त्याचं दुकान माझ्या खोलीच्या समोर, रस्त्यापलीकडे. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मला मावशी म्हणतो. म्हणू दे, गोड बोलायला काय लागतंय. सुईच्या नेढ्याभोवती धूर दिसायला लागला तेव्हा मी त्याच्याचकडे गेले. त्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, भिंगं बदलून बदलून बघितली आणि सांगितलं, "मावशी, नंबर वाढलाय." चष्मा केला. सहा-आठ महिने बरे गेले. परत धूर, परत तक्ता, परत नंबर वाढलेला. दिव्याभोवती कडं दिसतं म्हटलं, तर म्हणाला वय झालं. उन्हात गेलं की सगळं पांढरं होतं म्हटलं, तर म्हणाला हल्ली ऊनच कडक पडतंय. असे पाच चष्मे झाले. दर चष्म्याला तो माझ्याकडून डब्याचे वेगळे पैसे घ्यायचा, हे आपलं सहज आठवलं म्हणून सांगते.

मग त्याचा कोट आला. काळा लोकरी कोट, बाजाराच्या व्यापारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून सभेला घालायचा. बाहीला निखाऱ्यानं वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं. रफूचा नियम साधा आहे. कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे, म्हणजे रंगात फरक पडायचा प्रश्नच नाही. पण कोट जुना, शिवणीत कापड कमी, म्हणून मी माझ्या डब्यातली काळी रीळ घेतली. मला ती काळीच दिसली. उन्हात धरून बघितली, तरी काळीच दिसली.

ती निळी होती. गडद निळी. रफूवालीनं करू नये ती चूक मी केली, काळ्यावर निळा टाका मारला. चष्मेवाला तो कोट घालून सभेला गेला आणि तिथं सगळ्या शिंप्यांसमोर बाही पुढं करून म्हणाला, की मावशींचा हात गेला, आता त्यांच्याकडे गोणपाट शिवायला द्या. सगळे हसले. मला हे शिंप्यांतल्याच एकानं सांगितलं, काम परत न्यायला आला तेव्हा. महिन्याभरात माझ्याकडे येणारी कापडं थांबली. मी चष्मेवाल्याकडे गेले, चूक कबूल केली, आणि त्या बेशरमानं त्याच बैठकीत मला सहावा चष्मा विकला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, तसं झालं.

माझी नणंद आली म्हणून मी वाचले. जीभ तिखट, पण माणूस सोन्याचं. दारात उभी राहिली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या डोळ्यात दुधाचा थेंब सांडल्यासारखं दिसतंय. उद्या दवाखान्यात." मी म्हटलं, नवा चष्मा केलाय. ती म्हणाली, तो घाला चुलीत.

धर्मादाय दवाखाना दोन बस बदलून. डोळ्यात थेंब घालून तासभर बाकावर बसवलं, मग डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं. पाणी प्यायला लागेल एवढ्याच वेळात सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला पुरता पिकलेला. चष्म्यानं हा जात नाही, म्हणाल्या, किती वर्षं अंगावर काढलंत?  मी खर्चाचं विचारलं. खिडकीतल्या कारकुनानं उत्पन्नाचा दाखला मागितला, कार्ड बनवून दिलं, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला परत विचारलं. दोन चष्म्यांच्या किमतीत एक डोळा होत होता.

पट्टी काढली त्या सकाळी मला पहिल्यांदा दिसली ती नर्सबाईंच्या टेबलावरची शाईची बाटली. निळी! इतकी निळी की मला रडू आलं, आणि डोळा चोळायचा नाही म्हणून नणंदेनं माझे दोन्ही हात धरून ठेवले. तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. दुसरा डोळा तीन महिन्यांनी करू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महिनाभर थेंब घातले, वाकले नाही, सुईला हात लावला नाही. मग चष्मेवाल्याच्या दुकानात गेले. खरं सांगते, भांडायला नव्हते गेले. माझ्या मनात तो अडाणी होता, बदमाश नव्हता. त्याला दाखवायचं होतं, बघ बाबा, असं असतं हे.

तो मागं भिंगं घासत होता. मी नेहमीच्या स्टुलावर बसले, समोर तक्ता. आणि तक्त्याच्या बरोबर खाली एक पिवळा पडलेला कागद. सहा वेळा मी त्या कागदासमोर बसले होते. आता वाचला. धुरकट दिसतं? दिव्याभोवती कडं दिसतं? उन्हात डोळे दिपतात? चष्म्याचा नंबर सारखा बदलतो? मोतीबिंदू असू शकतो, तपासणी मोफत, कार्डावर शस्त्रक्रिया. खाली त्याच दवाखान्याचा पत्ता.

मी विचारलं, हा कागद कधीपासून आहे. तो म्हणाला, झाली पाच-सहा वर्षं, दवाखान्याची माणसं लावून जातात. मग माझ्या डोळ्याकडे नजर गेली तसा हसला.

"झालं वाटतं ऑपरेशन? छान केलंत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो मावशी, माझा जन्म गेला यात. पण मी तरी गिऱ्हाईक कशाला घालवू? आणि कागद लावलाय ना समोर. मी काय लपवला?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या स्टुलावर कळलं. ज्यांनी वाचायचा त्यांना वाचताच येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. माझी चार वर्षं, माझं नाव, माझी कापडं, सगळं त्यानं भिंग पुसावं तसं पुसून टाकलं होतं. एक मोठी शिवी ओठांवर आली. पण भिंतीच्या खुंटीला तो काळा कोट लटकत होता, आणि त्याच्या बाहीवर माझा निळा टाका मला दारातून येणाऱ्या उजेडात लख्ख दिसत होता. मी शिवी गिळली.

म्हटलं, चूक माझी होती, द्या तो कोट, फुकट नीट करून देते. फुकट म्हटल्यावर तो कशाला नको म्हणतोय! पुढच्या आठवड्यात वार्षिक सभा आहे, तोवर द्या, म्हणाला.

बाहीचं काम एका सकाळीत झालं. निळे धागे उपसले, खिशाच्या आतून चार धागे काढून भोक भरलं. आता बघणाऱ्यानं शोधत बसावं. मग कोट पालथा घातला आणि पाठीला हात घातला. त्यासाठी मी काळं रेशीम आणलं. काळ्या लोकरीवर काळं रेशीम समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला की चमकतं. पाठीवर मी त्याचाच तक्ता काढला. वरती मोठं अक्षर, खाली खाली लहान होत जाणारं. पहिली ओळ, मोतीबिंदू. दुसरी, यानं ओळखला. तिसरी, सांगितला नाही. चौथी, नखाएवढ्या अक्षरात, सहा चष्मे विकले. पाच दिवस लागले. प्रत्येक टाक्याला दात-ओठ खात होते आणि प्रत्येक टाका सरळ पडत होता. आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सकाळी कोट न्यायला तो स्वतः आला. मी बाही वर ठेवून घडी घातली होती, पाठ आतल्या बाजूला. पण पक्का व्यापारी तो. म्हणाला, गेल्या वेळी फसलो, आज सगळा बघून घेतो. घडी मोडली आणि माझ्या दारातल्या उन्हात कोट पाठीकडून पसरून धरला.

 सकाळचं तिरपं ऊन, आणि चारही ओळी चमकत होत्या. मला चार हातांवरून वाचता येत होत्या. त्यानं कोट नाकाजवळ नेला. लांब धरला. मग मान एका बाजूला कलती केली आणि डोळे बारीक करून, कडेनं बघितलं.

तसं बघणं मला चांगलं ठाऊक होतं. मधे धूर असला की माणूस कडेनं बघतो. चार वर्षं मी तशीच बघत होते.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "कुठं काही दिसत नाही."

मी पुढं झाले, कोट हातातून घेतला आणि त्याच्या डोळ्यात बघितलं. दोन्हीकडे दुधाचा थेंब. मी विचारलं, हल्ली कसं दिसतं तुम्हाला? म्हणाला, जरा अंधुक, दिव्याला कडं येतं, पण ऊनच कडक पडतंय. दुसऱ्याचे डोळे वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला स्वतःचे दाखवायला कोणी नव्हतं, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपल्याच भिंतीवरचा कागद खरा मानायचा. माझ्या जिभेवर दवाखान्याचा पत्ता आला होता, बसच्या नंबरांसकट. मी तो बोलले नाही.

"नंबर वाढला असेल," मी म्हटलं. "नवा चष्मा करून घ्या."

त्यानं मान हलवली, असंच असणार म्हणाला. मी त्याला कोट चढवायला मदत केली, खांदे नीट केले, पाठीवरून हात फिरवला. तो उन्हात रस्त्यावर उतरला आणि सभेकडे निघाला. कोपऱ्यावरचा शिंपी उंबऱ्यात उभा होता, त्यानं चष्मेवाल्याला रामराम केला, पुढं जाऊ दिलं, आणि मग पाठीकडे बघून हळूहळू त्याचे ओठ हलायला लागले. त्यानं आत हाक मारून आणखी दोघांना बाहेर बोलावलं. दुसरी ओळ मला कोपऱ्यापर्यंत वाचता येत होती.

संध्याकाळी नणंदेला सांगितलं. ती पोट धरून हसली, मग गंभीर झाली. वहिनी, म्हणाली, कोटाचं ठीक, पण डोळ्याचं त्याला सांगायला हवं हो, पिकून फुटला तर डोळा जायचा.

सांगणार आहे ना. मी काही त्याच्यासारखी नाही. त्याचा सहावा चष्मा झाला की सांगेन.