कशाचंच नसलेलं शिल्प

अनावरणाचं फडकं खाली पडलं आणि दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या शिल्पाला चष्मा लावला होता! लोखंडी तारेचा, गोल, ताटलीएवढा. ड्रिल मशीन लावून दोन भोकं पाडली होती आणि त्यांत नट-बोल्ट आवळले होते. एका भोकापासून वरच्या काठापर्यंत तडा गेला होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आता ते शिल्प काय होतं, ते ऐका. माणूस नाही, झाड नाही, देव तर नाहीच. भाजलेल्या मातीचा चार फुटी पोकळ पीळ, राखेच्या रंगाचा. बोरगाव मेघेतल्या तिच्या घरामागच्या भट्टीत दोनदा फुटला, तिसऱ्यांदा टिकला. कॉलेजच्या आवारात आपलं पहिलं मोठं काम उभं राहावं, आणि आपण केलं तसंच राहावं, एवढीच बिचारीची हौस. संस्थेचे अध्यक्ष ओमप्रकाशजी भट्टीवर आले, तेव्हा हे आहे तरी काय म्हणून विचारत होते. कशाचंच नाही, हात फिरवून बघा, असं तिनं सांगितलं. त्यांनी हात खिशातून काढला नाही.

वर्ध्यात हीच तर बोंब आहे. माती हातात घेतली रे घेतली, की चरखा मागतात. चष्मा, काठी, तीन माकडं; यापलीकडे मातीचं काही होऊच नये जणू!

ओमप्रकाशजी माइकवर सांगत होते, की लोकांना समजायला पाहिजे म्हणून संस्थेच्या मंडळानं जराशी सुधारणा करून घेतली. मग त्यांनी दीपमालालाच दोन शब्द बोलायला बोलावलं.

ती माइककडे गेलीच नाही. सरळ शिल्पापाशी गेली आणि नट हातानंच पिळू लागली. बोटं सोलवटली. चष्मा निघाला, आणि त्याच्याबरोबर तडकलेला तुकडाही तिच्या हातात आला. ती क्षणभर त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग मंचावर चढली आणि चष्मा अध्यक्षांच्या गळ्यात, हारावरच अडकवला.

"तुमीच घाला जी," ती म्हणाली. "दिसत तुमाले नाई, मंग त्याले काऊन लावता?"

ओमप्रकाशजींचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "पण बाई, ते हाय तरी काय?"

अजून तेच! तिनं तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पायऱ्या उतरली. अध्यक्ष त्याच्यावरून बोटं फिरवू लागले, पण ते बघायला ती थांबली नाही.