हवालदाराची सरळ ओळ

लालासाहेब हवालदार सिग्नल पलटणीतून पेन्शनीवर आला, तेव्हा कृष्णाकाठच्या साखर कारखान्यानं त्याला हसत हसत नोकरी दिली. जागा होती गेटवरच्या वॉचमनची. फौजेतून आलेला माणूस दिसला की त्याच्या हातात दंडुका द्यायचा आणि त्याला फाटकाशी उभं करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. लडाखपासून नागालँडपर्यंत तारा ओढलेला हा माणूस मग तीन हंगाम उसाच्या बैलगाड्यांना आत-बाहेर करत राहिला.

अठ्ठ्याहत्तर साली कारखान्यानं बॉयलरसाठी नवं इलेक्ट्रॉनिक पॅनेल घेतलं. पॅनेल म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. पुढून काटे आणि बटणं, मागून खाचांमध्ये बसवलेली वहीएवढी कार्डं. पाण्याच्या पातळीचं कार्ड वेगळं, वाफेच्या दाबाचं वेगळं, हवेचं वेगळं. ज्यानं त्यानं आपापलं बघायचं, आणि एखादं बिघडलं तर तेवढंच उपसून दुसरं बसवायचं. हे कानावर आल्यावर लालासाहेब चीफ इंजिनियर गंगाधररावांच्या केबिनबाहेर तीन दिवस सावधान उभा राहिला. चौथ्या दिवशी गंगाधरराव कंटाळून म्हणाले की जोड बाबा तारा, पण गेटवरची तुझी जागा मी हंगाम सुरू होईपर्यंत भरणार नाही. अर्थ उघड होता. पॅनेल चाललं तर ठीक, नाहीतर दंडुका आहेच.

लालासाहेबानं ते काम जीव ओतून केलं. माधवनगरच्या मिलमधून चिवट सुती दोरा आणला, त्यावर मेणबत्ती घासली आणि चार-चार बोटांवर गाठ मारत बॉयलरपासून पॅनेलपर्यंतच्या सगळ्या तारा एका ओळीत बांधून काढल्या. पॅनेल बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या नकाशात मोटारींच्या केबली एका भिंतीनं आणि कार्डांकडे येणाऱ्या बारीक तारा समोरच्या भिंतीनं दाखवल्या होत्या. हा नकाशा काढणाऱ्यानं जन्मात कधी परेड केली नसणार, असा हवालदारानं निकाल दिला. भिंतीवरच्या एका पट्टीवर ऐसपैस जागा असताना दोन भिंती विद्रूप करायच्या कशाला? त्यानं जाड-बारीक सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. त्याची बायको अंजना शेजारणींना सांगायची की आमच्या घरातल्या पळ्यासुद्धा उंचीप्रमाणं टांगलेल्या असतात, आता कारखान्यानं भोगावं.

कारखान्याला मात्र फार कौतुक. गंगाधरराव सांगलीहून आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम ती ओळ दाखवायला आणायचे. कौतुक नव्हतं ते एकट्या आकारामला. आकाराम हा जुना बॉयलर अटेंडंट. तीस वर्षं तो बॉयलरच्या अंगावरच्या काचेच्या नळीतलं पाणी बघत आला होता आणि दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायचं त्याला कारण पडलं नव्हतं. पाण्याचा काटा त्याला दाखवला तेव्हा त्यानं तो नीट निरखला आणि पुन्हा नळीपाशी जाऊन बसला.

दसरा झाला. बॉयलर पेटवायचा समारंभ ठरला. त्याआधी आठ दिवस बॉयलर पाण्यानं अर्धा भरला आणि जाळाशिवाय चाचणी घेतली. जाळाला हवा देणारा मोठा पंखा सुरू केल्याबरोबर पाण्याचा काटा जत्रेतल्या पाळण्यासारखा वर-खाली व्हायला लागला. त्याचं ऐकून पाण्याचा व्हॉल्व्हही उघडझाप करू लागला. खाली जाळ असताना असं झालं असतं तर पाणी कमी पडून बॉयलर फुटला असता, या विचारानं लालासाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यानं निदान केलं की कार्ड खराब. ते उपसलं, नंबर ताडून राखीव कार्ड बसवलं. काटा नाचतच होता. मग दोन्ही कार्डं खराब ठरली आणि पुण्याच्या कंपनीला एक तिखट पत्र गेलं. तिसरं कार्ड घेऊन एक तरणा इंजिनियर आला. त्यानं ते बसवलं, काटा गप्प राहिला आणि इंजिनियर बासुंदी खाऊन परत गेला. पंख्याचा फिटर त्या वेळी जेवायला गेल्यामुळं पंखा बंद होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पंखा लावला आणि काट्यानं पुन्हा फेर धरला. हवालदार संध्याकाळी घरी निघाला तेव्हा फाटकाजवळचं रिकामं स्टूल त्याला जरा जास्तच जवळ आल्यासारखं वाटलं.

समारंभाला दोन दिवस उरले असताना आकाराम आपणहून पॅनेलपाशी आला.

"हवालदार, तिन्ही बारीला म्या नळीपाशीच हुतो. पानी जागचं हाललं न्हाई. पंखा लागला की तुमचा काटा नाचतोय, थांबला की गप."

नळी जुनी झालीय, असं लालासाहेब सवयीनं म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याची नजर स्वतःच्याच ओळीवर गेली. पंख्याची मनगटाएवढी केबल आणि तिला चाळीस फूट बिलगून आलेली पाण्याची बारीक तार. मोटारीचा करंट शेजारच्या नाजूक तारेला धक्के देत होता. पलटणीतल्या कुठल्याही रंगरुटाला हे कळलं असतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. नकाशात दोन भिंती दाखवणाऱ्या त्या माणसाची त्यानं मनातल्या मनात माफी मागितली. कंपनीची मात्र मागितली नाही, कारण ती लेखी मागावी लागली असती.

हे कुणाला सांगू नका, असं त्यानं आकारामला विनवलं. हे कपाट आल्यापासून मला कोण विचारतंय, असं म्हणून आकाराम नळीकडे गेला.

लालासाहेबानं स्वतःच्या हातानं गाठी कापल्या. कापताना त्याला रडू यायचं बाकी राहिलं होतं. पंख्याची केबल ओळीतून काढून समोरच्या भिंतीनं नेली, पण ती आखूड पडली. नवी आणायला सवड नव्हती, म्हणून वरच्या तुळईवरून तिरकी ओढली. पहिलंच कार्ड पुन्हा बसवून पंखा लावला. काटा अर्ध्यावर ढिम्म उभा राहिला. गंगाधररावांना त्यानं सांगितलं की कार्ड नीट बसलं नव्हतं, आता बसलंय.

समारंभाच्या सकाळी चेअरमनसाहेब पाहुण्यांच्या आधी अर्धा तास आले. फोटोग्राफर सोबत होता. पॅनेलवर ते खूश झाले, मग त्यांनी वर बघितलं.

"गंगाधरराव, एवढं देखणं काम, आन् मधीच ही कापडं वाळत घालायची दोरी कशाला? पावनं यायच्या आत ओळीत घ्या ती."

गंगाधररावांनी हवालदाराकडं बघितलं. लालासाहेबानं उभ्या आयुष्यात वरिष्ठाला 'जी साहेब' सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं. आत्ताही ते ओठांवर आलं होतं. केबल ओळीत जायला दहा मिनिटं पुरली असती. अर्ध्या तासानं बॉयलर पेटला असता, पंखा लागला असता, आणि खाली आकाराम व त्याची माणसं उभी असती.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "ती तशीच ऱ्हाईल."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. चेअरमनांनी का म्हणून विचारलं.

"ओळीत मीच बांधली हुती. तिच्यापायी काटा खोटं दावत हुता. कार्डं समदी चांगली हुती, कंपनीचा काय दोष न्हाई. चूक माझी हाय."

गंगाधररावांचा चेहरा उतरला. त्यांच्या सहीचं ते तिखट पत्र पुण्याला जाऊन पोचलं होतं. चेअरमनांनी पंखा लावायला सांगितला, आणि काट्याकडं पाठ करून पलीकडं हाक मारली.

"आकाराम, नळीत पानी किती हाय?"

आकारामनं नळी बघितली. मग, तीस वर्षांत पहिल्यांदाच, नुसत्या नळीवर न थांबता तो पॅनेलपाशी आला, काटा बघितला, आणि परत जाऊन नळी बघितली.

"काटा म्हनतोय तेवडंच हाय," तो म्हणाला.

चेअरमन निघाले. जाता जाता त्यांनी गंगाधररावांना दोन गोष्टी सांगितल्या. कंपनीला माफीचं पत्र आजच टाका, आणि ते हवालदाराकडनं लिहून घ्या. आणि गेटवरची जागा उद्या दुसरा माणूस घेऊन भरून टाका.