सरावाची वही

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला साठ वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्ताने संघाचा इतिहास छापायचं कुलगुरूंच्या मनात आलं. लिहिणार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. पेन्सिलकाका होते ना.

पेन्सिलकाकांनी चौतीस वर्षं क्रीडा विभागात कारकुनी केली आणि तेवढीच वर्षं संघाच्या प्रत्येक सामन्याचा स्कोअर लिहिला. पेन्सिल कायम कानामागे खोचलेली, त्यावरून पोरांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा दुसऱ्या शहरात, घरात ते आणि रेडिओ. त्यामुळे क्रीडा संचालकाने स्वतः फोन करून "काका, तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हटल्यावर ते दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

संचालकही याच संघातला. बत्तीस वर्षांपूर्वी संघाने पहिलं आणि शेवटचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा हा कप्तान होता. काका त्याला अजून कप्तानच म्हणत.

जिमच्या जिन्याखालच्या कोठीत काकांना टेबल मिळालं. लोखंडी कपाट, त्यात वह्यांचे गठ्ठे, आणि जुन्या चेंडूंच्या रबराचा वास. पहिली अठ्ठावीस वर्षं त्यांनी दीड महिन्यात हातावेगळी केली. मजेत लिहिली. पहिल्या संघात खेळाडू सहा आणि बुटांचे जोड पाच, त्यामुळे बदली खेळाडू आत जायचा तेव्हा दोघं रेषेवर बसून बुटांची अदलाबदल करायचे आणि पंच घड्याळ बघत उभे. तिसऱ्या वर्षी संघ नऊ विरुद्ध एकशे चारने हरला. त्या नऊतले दोन गुण समोरच्या संघाने चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकलेले. काका लिहिताना एकटेच खुदकन हसायचे.

मग एकोणतिसावं वर्ष आलं आणि काका तीन दिवस कोठीकडे फिरकलेच नाहीत. घरी सांगायला कुणी नव्हतं, तरी स्वतःशीच म्हणाले, गुडघा दुखतोय.

त्या वर्षी संघात एक मुलगा होता. सगळ्यांत उंच, म्हणून लंबू. वीस वर्षांचा, बोलायला लाजरा. कोच सर कडक. सरावाच्या वेळी पाणी म्हणजे लाड, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. उपांत्य सामना सहा दिवसांवर आलेला. उन्हाळ्यातली दुपार, पत्र्याची जिम तापून तवा झालेली. सरावात लंबूचे दोन फ्री थ्रो हुकले. कोच सर म्हणाले, चाळीस फेऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोजायला काका.

काकांनी मोजल्या. चोविसाव्या फेरीला लंबू थांबून म्हणाला, "सर, छातीत कसंतरी होतंय." सर म्हणाले, "नाटकं नकोत." सत्ताविसाव्या फेरीला तो पडला. सरांनी कप्तानाला सांगितलं, "उठव त्याला." कप्तानाने काखेत हात घालून उठवला. लंबूने काकांकडे बघितलं. काकांनी पुढच्या फेरीची शिट्टी वाजवली. एकतिसाव्या फेरीला तो पुन्हा पडला, तो उठलाच नाही.

काकांनी सवयीने हे सगळं वहीत टिपलं होतं, वेळेसकट.

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद तयार होता. सराव संपल्यानंतर खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत कोसळला. त्याला लहानपणापासून हृदयविकार होता आणि तो त्याने लपवला होता. डॉक्टरांनी 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं, आणि ते काही खोटं नव्हतं. संघातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनीही केली. संघ दंडाला काळी फीत लावून खेळला आणि जिंकला. कोच सर आठ वर्षांपूर्वी वारले. जिमला आता त्यांचं नाव आहे.

चौथ्या दिवशी काका कोठीत परतले. आधी फोटो तरी जमवू म्हणून त्यांनी कपाट उपसलं, तर लंबूचा एकही फोटो सापडेना. संघाच्या फोटोत तो नव्हता. तो फोटो कप मिळाल्यानंतरचा. जुन्या पत्त्यावर चौकशी करत करत ते त्याच्या बहिणीपर्यंत पोहोचले.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कारखाना: फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत घातलेले, टेबलावर छोटी मोटर, सगळीकडे पांढरी भुकटी. पन्नाशीला टेकलेली, भावासारखीच उंच. काकांनी विद्यापीठाचं नाव सांगितल्यावर तिने मोटर बंद केली आणि हात पुसले.

"दादाचा फोटो हवाय? पुस्तकात छापणार?" तिने कपाटातून पाकीट काढलं. "आई असती तर तिला बरं वाटलं असतं. ती तर त्या धसक्यानेच गेली."

"आजारी होत्या?"

"आजार कसला! दादा आठ वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला होता, महिनाभर. कॉलेजचा फॉर्म भरताना 'पूर्वीचा आजार' या रकान्यात आईने 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं तर त्याला संघात घेणार नाहीत म्हणून. मग तुमचं पत्र आलं, की त्याचं हृदय आधीपासूनच अधू होतं. तेव्हापासून तिचं एकच, मीच मारलं माझ्या पोराला. अकरा वर्षं हेच. शेवटी शेवटी जेवायला वाढलं तरी म्हणायची, मला कशाला देतेस, मी पोराला खाल्लं."

काकांच्या हातात फोटो होता. त्यात लंबू दारात वाकून उभा, चौकटीला डोकं लागू नये म्हणून.

"आणि तुमची मुलं?" विषय बदलायचा म्हणून ते बोलून गेले.

"नाही झाली. म्हणजे, होऊच दिली नाहीत. हे रक्तात असतं म्हणतात ना. सासरी लग्नाआधीच स्पष्ट सांगितलं होतं मी. हे म्हणाले, तू आहेस तेवढं पुरे." ती ओशाळं हसली. "चहा ठेवू?"

"नको, नको, ताई," काका उठले. त्यांना सांगायचं होतं. पण ते जिना उतरले आणि बसस्टॉपवर जाऊन बसले. तीन बसगाड्या गेल्या तरी त्यांना उठायचं सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एकोणतिसावं वर्ष लिहून काढलं. जसं घडलं तसं. आधी स्वतःचं नाव, मग कोच सरांचं, मग कप्तानाचं. सरावाच्या वहीतलं ते पान शब्दशः उतरवलं आणि बाड संचालकाच्या टेबलावर ठेवलं.

कप्तानाने दार लावून घेतलं. वाचताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काका, हे काय आहे?"

"इतिहास. तूच सांगितलं होतंस लिहायला."

"मेलेल्या माणसावर चिखल उडवायचा? सरांनी मला घडवलं. आणि तुम्ही काय लांबून बघत होतात? शिट्टी तुमच्या तोंडात होती."

"म्हणून तर पहिलं नाव माझं आहे."

"मी बावीस वर्षांचा होतो हो!" कप्तानाचा आवाज चिरकला. "सर म्हणाले उठव, मी उठवलं. काय करायला हवं होतं मी?"

"तू बावीसचा होतास," काका म्हणाले. "मी चाळीसचा होतो. तुझं तू बघ, मी माझं लिहिलंय."

कप्तानाने एकोणतिसाव्या वर्षाची पानं बाडातून काढली, नीट चौकोनी घडी घातली आणि खणात टाकली. "ठीक आहे. बघतो मी," म्हणाला.

पुस्तक आलं. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर कप. एकोणतिसाव्या वर्षी अजिंक्यपदाची चार पानं, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, की संघातील एका गुणी खेळाडूचं त्याच वर्षी दीर्घ आजाराने निधन झालं. फोटो छापला नव्हता. मागच्या पानावर आभारांत पेन्सिलकाकांचं नाव सर्वांत वर होतं.

काकांनी एक गोष्ट मात्र केली होती. मूळ वही त्यांनी कोठीतून आधीच घरी आणली होती. ती पिशवीत घालून ते त्या दुपारी पुन्हा बहिणीकडे गेले. रविवार होता, नवराही घरी होता. लिफ्ट दुरुस्त करणारा, गिड्डा, शांत माणूस. बायकोच्या खांद्याला लागायचा. काकांनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो तर पुन्हा उठून पळू, हे त्यांना ठाऊक होतं. काही वगळलं नाही. शिट्टीसुद्धा.

बहिणीने वही घेतली. पानावर बोट फिरवत तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे दादाला काही नव्हतं?"

"नव्हतं, ताई. त्याच्या जागी कोणीही असता तरी पडला असता."

"आणि आई..." एवढंच म्हणून ती आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला.

नवरा जागचा हलला नाही. फळीवरच्या जबड्यांकडे बघत होता. त्याने विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक मुलगा आहे," काका म्हणाले. मग अर्धंच सांगायची त्यांना लाज वाटली. "आणि दोन नाती."

"बरं," नवरा म्हणाला. त्याने उठून दार उघडलं. "वही राहू दे इथेच."

बहिणीने विद्यापीठाकडे अर्ज केला. चार महिन्यांनी तीन जणांची समिती बसली. संघातले पाच जण हयात होते. दोघं आलेच नाहीत, दोघांनी इतकी वर्षं झाल्यावर नक्की सांगता येत नाही असं सांगितलं. कप्तान शेवटी आला. खुर्चीच्या कडेवर बसून, मान खाली घालून तो म्हणाला, मला आठवत नाही. समितीने लिहिलं की वहीवर विभागाचा शिक्का नाही, सबब ती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही; आणि साक्षीदाराने, म्हणजे काकांनी, पूर्वी याच्या उलट निवेदन दिलेलं असल्यामुळे त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही.

निकाल ऐकायला काका आणि बहीण बाहेरच्या बाकावर बसले होते. दोघांच्या मध्ये तिने आपली पर्स ठेवली होती. शिपायाने कागद आणून दिला. तिने तो वाचून काकांच्या हातात दिला. काकांनी वाचला.

"ताई..."

"तुमच्याशी मला बोलायचं नाहीये," ती शांतपणे म्हणाली. "पण आता कोर्टात जाणार आहे मी. तारखेला या."

काका म्हणाले, येईन. ती पर्स उचलून निघाली. तिच्या लांब ढांगांपुढे काका मागे पडले, आणि फाटकाशी पोहोचले तेव्हा तिची बस सुटलेली होती.